ओर्तोना: एड्रियाटिकच्या काठावरचं एक जुनं गाव तीन दिवसांत कसं बघावं

इटलीला जाणारी आपली मंडळी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करतात आणि समुद्र हवा असेल तर अमाल्फीकडे वळतात. देशाच्या दुसऱ्या अंगाला, एड्रियाटिक समुद्राच्या काठी अब्रुत्सो नावाचा प्रांत आहे. तिथल्या ओर्तोना गावाचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. मी बाबांना घेऊन सप्टेंबरमध्ये तिथे गेले होते. बाबांचं वय एकाहत्तर, गाव सातारा जिल्ह्यातलं. या गावाशी आपला संबंध दोन बाजूंनी आहे. भारतात आला असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्या संत थॉमसच्या अस्थी इथल्या कॅथेड्रलमध्ये आहेत. आणि 1943 च्या हिवाळ्यात या परिसरात लढलेल्या सैन्यात मराठा पलटण होती. तिथे मृत्यू पावलेल्या भारतीय जवानांचं दहनस्मारक गावापासून साधारण 25 किलोमीटरवर आहे. समुद्र बघून परतलात तर निम्मं ओर्तोना राहून जातं. म्हणून पुढचा बेत जरा सविस्तर देते.

निघण्याआधी

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा किमान दोन-तीन महिने हाताशी ठेवा. मोठ्यांसाठी फी 90 युरो आहे, वर सेवा केंद्राचं शुल्क. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा लागतो.

कधी जायचं? मे महिना, जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये अख्खी इटली समुद्रावर असते, खोल्या महाग होतात आणि दुपारी कॉर्सोवर, म्हणजे गावाच्या मुख्य रस्त्यावर, चालवत नाही. गर्दीची हरकत नसेल तर मे महिन्याचा पहिला रविवार गाठा. त्या दिवशी 'पेर्दोनो' नावाचा क्षमादानाचा उत्सव असतो. पोप सिक्स्टस चौथे यांनी 1479 मध्ये दिलेल्या सवलतीतून तो सुरू झाला. आदल्या दिवशी चांदीच्या किल्ल्यांची मिरवणूक निघते. त्या दिवसांसाठी खोली फार आधी धरावी लागते.

सामानाबद्दल एक सूचना. भारतातून युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप सगळं बाद. आम्ही शेंगदाण्याची चिक्की आणि कोरडी चटणी नेली. चिक्कीचा उपयोग तिसऱ्या दिवशी झाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते घरी बसूनच करायचं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धात गेलेल्या जवानांच्या नोंदी मोफत शोधता येतात. स्मारकाच्या रकान्यात 'सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल' टाका आणि पलटणीच्या रकान्यात 'मराठा लाइट इन्फन्ट्री'. त्या काळच्या इंग्रजीत मराठाच्या स्पेलिंगमध्ये मध्ये एक एच आणि दोन टी असत, तसं लिहून बघा. जाधव, शिंदे, पवार ही आडनावंही कारकुनाच्या कानाला जशी वाटली तशी लिहिलेली आहेत. म्हणून एकच स्पेलिंग धरून बसू नका. बऱ्याच नोंदींमध्ये वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. स्मारकावर मात्र गाव नसतं, फक्त नाव असतं. म्हणून नाव, गाव आणि फलकाचा क्रमांक कागदावर उतरवून न्या. आम्ही दोन संध्याकाळी बसून यादी केली. बाबा गावं वाचत होते आणि मी लिहून घेत होते.

तिथे कसं पोचायचं

रोमला उतरत असाल तर फ्युमिचिनो विमानतळावरून तिबुर्तिना स्टेशनला जाणारी लोकल गाडी घ्या. तिबुर्तिनाच्या बसस्थानकावरून पेस्कारासाठी बस सुटतात. अडीच-तीन तास लागतात. आल्प्सखालोखाल उंच असलेल्या आपेनिन डोंगरांतून रस्ता जातो, तेव्हा खिडकी सोडू नका. रेल्वेही आहे, पण या मार्गावर ती बसपेक्षा सावकाश जाते. पेस्काराला बस रेल्वे स्टेशनच्या समोरच थांबते. तिथून दक्षिणेकडे जाणाऱ्या रिजनल गाडीने ओर्तोना वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. उत्तरेकडून, बोलोन्याहून येत असाल तर डाव्या बाजूला बसा. बराच वेळ समुद्र सोबत असतो.

रिजनल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो. ते राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो.

ओर्तोनाला पोचल्यावर आमची जी अडचण झाली ती तुमची होऊ नये. स्टेशन खाली, बंदराजवळ आहे. गाव वर, कड्यावर आहे. आम्ही रविवारी दुपारी उतरलो. बस दिसली, पण तिकीट आत मिळत नव्हतं. ते 'ताबाक्की'मधून, म्हणजे तंबाखू आणि तिकिटं विकणाऱ्या दुकानातून आधी घ्यायचं असतं, आणि रविवारी दुपारी ते बंद होतं. दोन बॅगा घेऊन बाबा तो चढ चढले. वर पोचेपर्यंत त्यांना तीनदा बसावं लागलं. सोबत वयस्कर माणसं असतील तर पेस्कारा स्टेशनच्या ताबाक्कीतच बसची तिकिटं मिळतात का ते विचारा, नाहीतर मुक्कामाच्या मालकाला आधी कळवून गाडी मागवा. रविवार शक्यतो टाळाच.

राहायला जागा जुन्या गावात, कॉर्सो व्हित्तोरियो एमान्युएले या मुख्य रस्त्याच्या आसपास घ्या. किनाऱ्यावरची हॉटेलं पोहणाऱ्यांसाठी बरी आहेत. पण गाव बघायचं असेल तर रोज दोनदा चढउतार परवडत नाही.

पहिला दिवस: कडा, किल्ला, बंदर

पोचल्याच्या संध्याकाळी फार काही करू नका. 'पास्सेज्जाता ओरिएन्ताले' म्हणजे पूर्वेकडचा फिरण्याचा रस्ता. हा कड्याच्या काठाने किल्ल्यापर्यंत जातो. एका बाजूला जुनी घरं, दुसऱ्या बाजूला खाली बंदर आणि पुढे नुसता समुद्र. संध्याकाळी अख्खं गाव इथे येरझाऱ्या घालतं.

कोकणातला सूर्यास्त डोळ्यांत असलेल्या माणसाला इथे एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते. सूर्य समुद्रात बुडत नाही, मागे मायेल्ला डोंगरापलीकडे जातो. समुद्रातून तो सकाळी वर येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे याच रस्त्यावर पुन्हा या. सातपर्यंत इथे कुत्री फिरवणारी दोन-चार माणसं सोडली तर कुणी नसतं.

किल्ला पंधराव्या शतकातला, आरागोन घराण्याच्या काळचा. त्याचा समुद्राकडचा भाग युद्धानंतर कड्यासकट ढासळला, म्हणून आत गेल्यावर एका बाजूला भिंत नाही, आकाशच दिसतं. आमच्या सिंधुदुर्ग-विजयदुर्गाची सवय असलेल्यांना तो लहान वाटेल, पण तिथून बंदराचं जे दृश्य दिसतं ते मुद्दाम बघा. 8 सप्टेंबर 1943 ला इटलीची शरणागती जाहीर झाली. राजा व्हित्तोरियो एमान्युएले तिसरा, राणी आणि पंतप्रधान बादोल्यो रोम सोडून निघाले आणि 9 तारखेच्या रात्री याच बंदरातून 'बायोनेत्ता' नावाच्या युद्धनौकेने ब्रिंदिसीकडे गेले. मागे उरलेल्या सैन्याला स्पष्ट हुकूम नव्हते. तीन महिन्यांनी युद्ध या गावाच्या दारात आलं.

दुसरा दिवस: थॉमसची कबर आणि डिसेंबरचे आठ दिवस

सकाळी पहिलं काम कॅथेड्रल. इटलीतली बहुतेक चर्च दुपारी बंद होतात, म्हणून साडेबाराच्या आत बघून घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

वरच्या सभागृहात थोडा वेळ बसा आणि मग तळघरात उतरा. संत थॉमस येशूच्या बारा शिष्यांपैकी. तो इसवी सन 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि चेन्नईतल्या मैलापूरला मारला गेला अशी परंपरा आहे. त्याच्या अस्थी मैलापूरहून आजच्या तुर्कस्तानातल्या एडेस्साला, तिथून कीऑस या ग्रीक बेटावर आणि 1258 मध्ये लिओने आच्चायुओली या ओर्तोनाच्या नाविकाने कीऑसहून गलबतातून इथे आणल्या, असं गाव सांगतं. तळघरातल्या वेदीत सोनेरी मुलाम्याची पेटी आहे. कीऑसहून आणलेली कबरीवरची शिलाही इथेच आहे. तिच्यावर संताची आकृती आणि ग्रीक अक्षरं कोरलेली आहेत. जवळ गेलात तर कोरीव रेषांच्या कडा गुळगुळीत झालेल्या दिसतात.

रोज चर्चगेटला उतरणाऱ्या माणसाला हे कदाचित माहीत नसेल, पण त्या स्टेशनाचं नाव मुंबईच्या फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलवरून आलं आहे. कोटाच्या ज्या दरवाजातून त्या चर्चकडे जाता येई तो चर्चगेट. वसईत सांडोरचं चर्चही याच संताचं. वसईहून कुणी इथे येणार असेल तर थोडा जास्त वेळ ठेवावा.

वर आल्यावर दरवाज्याकडे नीट बघा. 21 डिसेंबर 1943 ला जर्मनांनी मनोरा सुरुंगाने उडवला आणि त्याबरोबर चर्चचा मोठा भाग कोसळला. पुन्हा बांधलेलं कॅथेड्रल 1949 मध्ये खुलं झालं. जुने दगड आणि नवे दगड यांचा रंग वेगळा आहे, आणि सांधा कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं.

तिथून बॅटल म्युझियमला जा. स्थानिक लोक त्याला 'मूबा' म्हणतात. लहान आहे, तासाभरात होतं, आणि हे बघितल्याशिवाय गावातल्या रस्त्यांचा अर्थ लागत नाही. 20 ते 28 डिसेंबर 1943 या काळात कॅनडाच्या पलटणी आणि जर्मन छत्रीधारी सैनिक ओर्तोनात घराघरांतून लढले. रस्त्यावर आलं की गोळी लागे, म्हणून कॅनेडियन सैनिक एका घराच्या भिंतीला सुरुंगाने भोक पाडून पुढच्या घरात शिरत आणि असेच गल्लीच्या टोकापर्यंत जात. नाताळच्या दिवशी सान्ता मारिया दी कोस्तान्तिनोपोली या चर्चमध्ये आळीपाळीने सैनिकांना आणून जेवू घातलं, आणि जेवण झालं की ते पुन्हा लढायला जात. गावातले 1,300 हून अधिक नागरिक या काळात मेले. इथे येणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा असं मला वाटतं. कारण बाहेर पडल्यावर बाकावर बसलेली ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं दिसतात आणि ती त्यांचीच मुलं-भावंडं आहेत.

मग कॉर्सोवरून सावकाश चाला. वाटेत घोटभर कॉफी काउंटरवर उभ्यानेच घ्या, ती स्वस्त पडते. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, तोच जेवणाचा आणि झोपेचा वेळ समजा. संध्याकाळी पालाझ्झो फार्नेझे बघा. सम्राट चार्ल्स पाचव्याची मुलगी मार्गारेट हिने 1582 मध्ये हे गाव विकत घेतलं आणि हा वाडा बांधायला घेतला. तो पूर्ण झालेला बघायला ती राहिली नाही, 1586 मध्ये इथेच वारली. गाण्याची आवड असेल तर संगीतकार फ्रान्चेस्को पाओलो तोस्ती यांच्या नावाची संस्था पालाझ्झो कोर्वोमध्ये आहे. त्यांचा जन्म 1846 मध्ये इथे झाला.

जेवणाचं

मासे खाणाऱ्यांनी 'ब्रोदेत्तो' मागवावा. हा मातीच्या भांड्यात शिजवलेला माशांचा रस्सा. आपल्या कालवणासारखा पातळ नसतो, नारळही नसतो, पण पाव बुडवून खायची पद्धत तीच.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, फक्त नीट विचारावं लागतं. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेश्शे' म्हणजे मांस नको, मासे नको. सूप आणि सॉसमध्ये मांसाचं पाणी असतं, म्हणून 'सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने' हेही म्हणा. कांदा-लसूण नको असेल तर 'सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो'. तारांच्या चौकटीवर कापलेला 'स्पागेत्ती आल्ला कितार्रा' टोमॅटोच्या साध्या रसात मागा. अंडं चालत असेल तर 'पाल्लोत्ते काचो ए ओवे' चुकवू नका: चीज, अंडं आणि पावाच्या चुऱ्याचे गोळे, टोमॅटोच्या रसात मुरलेले. बाबांनी दोन दिवस तेच खाल्लं. कितार्राच्या पिठातही बहुधा अंडं असतं, तेव्हा पूर्ण शाकाहारींनी 'सेन्त्सा उओवा', म्हणजे अंड्याशिवाय, विचारून घ्यावं. गोडात 'नेवोले' हे ओर्तोनाचंच, लोखंडी साच्यात भाजून सुरळी केलेलं.

बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो जास्त दिसतील. ते बसण्याचे आणि पावाचे, फसवणूक नाही.

तिसरा दिवस: जुन्या रुळांची वाट आणि सांग्रो

ओर्तोनाच्या दक्षिणेचा किनारा 'कोस्ता देई त्राबोक्की' म्हणून ओळखला जातो. त्राबोक्को म्हणजे समुद्रात खांबांवर उभी केलेली लाकडी माची. तिच्यावरून लांब काठ्या पुढे झुकलेल्या असतात आणि त्यांना टांगलेलं जाळं चाकाने खाली-वर करतात. कोचीची चिनी जाळी बघितली असतील तर कल्पना येईल. काही माच्यांवर आता जेवण मिळतं, पण जेवण माशांचंच, ठरलेल्या दराचं, आणि जागा आधी धरावी लागते.

इथली रेल्वे 2005 मध्ये समुद्राकाठून आत हलवली, आणि जुन्या रुळांच्या जागी सायकलची वाट झाली. तिचं नाव 'व्हिया व्हेर्दे'. ओर्तोनापासून वास्तोपर्यंत साधारण 42 किलोमीटर. सगळी वाट करायची गरज नाही. सकाळी लवकर सायकल भाड्याने घ्या आणि सान व्हीतोपर्यंत जाऊन या. वाट सपाट आहे, मध्ये जुने बोगदे लागतात, त्यात उन्हातून शिरल्यावर एकदम गार वाटतं. कडा ढासळला की एखादा टप्पा बंद असतो, म्हणून भाड्याने देणाऱ्याला विचारूनच निघा. बाबा सायकलवर बसले नाहीत. ते पहिल्या बोगद्यापर्यंत चालत आले आणि समुद्राकडे तोंड करून बसून राहिले.

दुपारी तीननंतर गाडी ठरवा. आधी सान दोनातोजवळची मोरो नदीची कॅनेडियन दफनभूमी, 1,600 हून अधिक कबरी, ओळीने एकसारख्या. याच मोरो नदीवर भारताच्या बंगाल सॅपर्सनी, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या तुकडीने, शत्रूच्या बाजूच्या काठावरून उलटा पूल बांधला होता, कारण आपल्या बाजूच्या वळणावर पुलाचे भाग फिरवायला जागाच नव्हती. त्याचं नाव 'अशक्य पूल' पडलं.

तिथून तोरिनो दी सांग्रो. नोव्हेंबर 1943 च्या अखेरीस पावसाने सांग्रो नदीला पूर आला होता, पूल वाहून जात होते, आणि अशात आठवी भारतीय डिव्हिजन नदी ओलांडून चढाई करत होती. तिच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. पुढे 1945 मध्ये याच बटालियनचे नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, त्यांचं नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. ते इथे शोधू नका.

सांग्रोच्या टेकडीवर 2,617 कबरी आहेत. मुसलमान जवान दफन केलेले, त्यांच्या शिळा तिथेच आहेत. हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला, आणि त्या 500 हून अधिक जणांची नावं दहनस्मारकावर कोरलेली आहेत. इटलीत अशी स्मारकं तीनच आहेत.

फुलं ओर्तोनातच घ्या, टेकडीवर दुकान नाही. उदबत्ती लावू नका, उन्हाळ्याअखेर गवत वाळलेलं असतं. पाण्याची बाटली न्या. उजेड असताना पोचा, कारण नावं बारीक आहेत आणि तिरपं ऊन पडलं तरच अक्षरं नीट वाचता येतात. घरून आणलेली यादी काढा आणि फलकावरचं नाव सापडलं की कागदावरचं गाव मोठ्याने वाचा. आम्ही तसं केलं. मी नाव वाचायची आणि बाबा तालुका सांगायचे: पाटण, वाई, खटाव. एका गावाशी ते थांबले. त्या गावच्या यात्रेला ते लहानपणी बैलगाडीतून गेले होते. त्यांनी खिशातून चिक्कीचा तुकडा काढला आणि फलकाखालच्या दगडावर ठेवला.

परत निघताना दारातली छोटी पेटी उघडा. आत नावांचं रजिस्टर आणि भेट देणाऱ्यांची वही असते. त्यात मराठीत लिहा, गावाचं नाव घालून लिहा. पेटीत पेन असेलच असं नाही, आपलं जवळ ठेवा.